ए प्लस, सी मायनस आणि शून्य पूर्णांक शून्य

१९८६ साली जीटीआर नावाच्या ब्रिटिश बँडचा एक अल्बम आला. बँडमध्ये दोन नामांकित गिटारवाले होते, 'येस'मधला स्टीव्ह हाऊ आणि 'जेनेसिस'मधला स्टीव्ह हॅकेट. 'गिटार' या इंग्रजी शब्दातले स्वर गाळले की जी तीन अक्षरं उरतात, तेच बँडचं नाव आणि तेच अल्बमचंही. 'म्युझिशियन' नावाच्या मासिकात जे. डी. कॉन्सिडाइन या समीक्षकानं त्याचं परीक्षण लिहिलं. अख्खं परीक्षण तीन अक्षरांचं होतं. एस, एच, टी. गाळलेला स्वर कुठला, ते वाचकांनी आपापलं भरून घ्यायचं. आपल्याकडे फार सभ्यपणे सांगायचं तर 'शेण' :-)

रॉक समीक्षेच्या इतिहासातल्या सर्वात छोट्या निकालांमध्ये याचा नंबर नक्की लागेल. विनोद म्हणून भन्नाटच आहे. पण थोडं थांबून विचार केला की हसू जरा आवरतं. पाच माणसांनी महिनोन् महिने घाम गाळून केलेलं काम, आणि त्यावर तीन अक्षरं. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझलचं पाकीट (आता ईमेल) उघडून आपल्या वर्षभराच्या कामावर मॅनेजरनं एका शब्दात काय लिहिलंय ते बघणाऱ्या आयटीवाल्यांना मी काय वेगळं सांगणार?

तर या विकांताला विषय हा: नव्या रॉक-पॉप अल्बमांवर चार ओळींत निकाल द्यायची आणि वर ग्रेड चिकटवायची पद्धत आली कुठून, आणि तिचं पुढे काय झालं.

चार ओळींचा निकाल तसा रॉकपेक्षा जुना आहे. अमेरिकेतलं 'बिलबोर्ड' हे मुळात धंदेवाल्यांचं साप्ताहिक. चाळीस-पन्नासच्या दशकांत त्यात नव्या रेकॉर्डींना चक्क शंभरपैकी मार्क दिले जायचे, सोबत एकदोन ओळींची टिप्पणी. वाचणारा कोण? रेकॉर्डचा दुकानदार, रेडिओवाला, ज्यूकबॉक्सवाला. त्यांचा प्रश्न साधा असायचा, हा माल खपेल का? गाणं चांगलं की वाईट याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. भुसार बाजारात ज्वारीचा भाव बघावा तसा हा प्रकार.

ऐकणाऱ्यासाठी लिहिणं सुरू झालं ते साठच्या दशकात. पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमारानं १९६६ साली 'क्रॉडॅडी' हे छोटंसं नियतकालिक काढलं. त्यात रॉकवर लांबच लांब, गंभीर निबंध यायचे. १९६७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन' निघालं. १९६८ मध्ये एलन विलिस ही 'न्यूयॉर्कर'ची पहिली पॉप समीक्षक झाली. ही बाई अतिशय हुशार, आजही वाचावी अशी. या सगळ्यांचा कल विस्तारानं लिहिण्याकडे होता. रॉक म्हणजे पोरासोरांचा गोंगाट नव्हे, ती कला आहे, हे सिद्ध करायचं होतं ना. आणि कला सिद्ध करायची तर पानं भरावी लागतात.

याच काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जून १९६७ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. जग खुळावलं होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन नावाच्या तरुण समीक्षकानं मात्र त्याची पार चिरफाड केली. टाइम्सकडे संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. पुढे कळलं ते असं, की गोल्डस्टीनच्या घरच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता. म्हणजे शतकातल्या सर्वात गाजलेल्या स्टिरिओ अल्बमचं टेस्टिंग यानं अर्ध्या हार्डवेअरवर केलं! बग रिपोर्ट टाकण्याआधी आपलं एन्व्हायर्नमेंट तपासावं, हे आम्ही नव्या पोरांना उगाच सांगत नाही.

या प्रकरणात गोल्डस्टीनची बाजू समजून घेत, पण बीटल्सच्या पारड्यात वजन टाकत 'एस्क्वायर' मासिकात एकानं लिहिलं. त्याचं नाव रॉबर्ट क्रिस्टगाउ. इथून पुढचा बराचसा लेख याच माणसाचा आहे.

क्रिस्टगाउचा जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कचा. १९६९ साली तो 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात लिहायला लागला. अडचण अशी झाली की कंपन्यांकडून फुकट येणाऱ्या रेकॉर्डींचा घरात ढीग साचला. प्रत्येकीवर लेख लिहिणं अशक्य, आणि बऱ्याचशांची तेवढी लायकीही नाही. मग त्यानं १० जुलै १९६९ च्या अंकात एक सदर सुरू केलं. एकेका अल्बमवर एकेक परिच्छेद, आणि शेवटी शाळेतल्यासारखी ग्रेड. ए प्लसपासून ई मायनसपर्यंत. सदराचं नाव 'कन्झ्यूमर गाइड', म्हणजे ग्राहक मार्गदर्शक.

या नावात खोडी होती. १९६९ चं न्यूयॉर्क म्हणजे हिप्पींचा बहराचा काळ. बाजार, नफा, ग्राहक हे सगळे शिव्यांसारखे वापरायचे शब्द. संगीत म्हणजे क्रांती, संगीत म्हणजे समाधी. आणि हा बाबा म्हणतो, मित्रांनो, तुम्ही दुकानात जाता, खिशातून पैसे काढता आणि काउंटरवर ठेवता. तुम्ही गिऱ्हाईक आहात. घ्या ही यादी. वर ग्रेडही अशी, की जिच्यापासून पळून ही पोरं हिप्पी झाली तीच मास्तरांची छडी. चिडवण्यासाठीच केलं होतं, हे त्यानं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. लोक चिडलेही. आणि नेमानं वाचायलाही लागले.

आता जरा हिशेब करू. १९६९ मध्ये अमेरिकेत एलपीची छापील किंमत साधारण ४.९८ डॉलर होती. तेव्हाचं केंद्रीय किमान वेतन ताशी १.६० डॉलर. म्हणजे हॉटेलात बश्या विसळणाऱ्या पोराला एका रेकॉर्डसाठी तीन तासांहून जास्त राबावं लागायचं. बरं, रेकॉर्ड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. रेडिओवर एखादं गाणं ऐकलेलं असायचं, बाकी दहा गाणी काय आहेत ते देव जाणे. मजा म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटीही हे गणित फारसं बदललेलं नव्हतं. सीडी सोळा-सतरा डॉलरला, किमान वेतन ५.१५. पुन्हा तेच, तीन तास आणि वर थोडी मिनिटं.

आपल्याकडे तर विचारूच नका. नव्वदच्या दशकात हॉस्टेलवर असताना इंग्रजी कॅसेट शंभराच्या वर गेली की आम्ही तिघंचौघं वर्गणी काढायचो. मुंबईत काळा घोड्याच्या 'रिदम हाऊस'मध्ये आधी ऐकून बघायची सोय होती (२०१६ मध्ये ते दुकानही बंद झालं), पण ती सगळ्यांच्या नशिबी कुठली? एका गाण्यावर भुलून कॅसेट आणावी आणि बाकीची नऊ गाणी एकदम बंडल निघावीत, हे दुःख ज्यानं भोगलंय त्यालाच चार ओळींच्या निकालाची किंमत कळेल. वर्गणीतल्या कॅसेटचं तर आणखी वाईट. जो निवडायचा त्याला सेमिस्टर संपेपर्यंत ऐकून घ्यावं लागायचं.

म्हणून 'समीक्षेला ग्रेड देणं म्हणजे कलेचा अपमान' असं कुणी म्हणालं की मला त्यातलं अर्धंच पटतं. अपमान असेल, पण भरल्या पोटीचा.

क्रिस्टगाउचे परिच्छेद मात्र साधे नसायचे. शंभर शब्द, कधी पन्नास, कधी एकच वाक्य. त्या वाक्यात तीन उपवाक्यं, दोन टोमणे, एखादा राजकीय संदर्भ आणि कुठल्यातरी विसरलेल्या गायकाचं नाव. पहिल्या वाचनात अर्धं कळत नाही. आमच्यातले पर्लमध्ये एका ओळीचे प्रोग्रॅम लिहिणारे असायचे ना, त्या जातीचं लेखन. कॉम्प्रेशन जबरदस्त, पण डीकोडर वाचकानं आणायचा. अशा लेखनाला ग्रेड हवीच होती. नाहीतर बाबाला रेकॉर्ड आवडली की नाही, हेच काही वेळा समजलं नसतं!

त्याच्या कामाची पद्धत मला सर्वात जास्त आवडते. हा माणूस दिवसभर रेकॉर्डी ऐकायचा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, एकामागून एक. एखादी आवडली की पुन्हा, पुन्हा. एकदा ऐकून निकाल द्यायचा नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण अल्बमच्या बाबतीत ते चालत नाही. पहिल्यांदा कानाला गोड लागलेलं पाचव्यांदा ऐकताना पांचट वाटतं, आणि सुरुवातीला कर्कश वाटलेलं हळूहळू रक्तात भिनतं. आणि मत बदललं तर तो ग्रेडही बदलायचा. सत्तरच्या दशकातल्या परीक्षणांचं पुस्तक १९८१ मध्ये निघालं, तेव्हा त्यानं जुने निकाल तसेच उचलून छापले नाहीत. रेकॉर्डी पुन्हा ऐकल्या, कितीतरी परिच्छेद नव्यानं लिहिले, ग्रेड वरखाली केल्या. नंतर ऐंशीच्या दशकाचं पुस्तक १९९० मध्ये आलं, नव्वदच्या दशकाचं २००० मध्ये.

आवडीनिवडी पक्क्या होत्या. न्यूयॉर्क डॉल्सच्या पहिल्या अल्बमला ए प्लस, क्लॅशच्या 'लंडन कॉलिंग'ला ए प्लस. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या संगीताचा 'इन्डिस्ट्रक्टिबल बीट ऑफ सोवेटो' हा संग्रह ऐंशीच्या दशकात आला, वर्णभेद ऐन जोरात असताना, त्यालाही ए प्लस. अमेरिकेतल्या किती समीक्षकांनी तेव्हा तो हातात तरी घेतला असता? उलट हेवी मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की बाबाचं तोंड वाकडं. नावडतीचं मीठ अळणी. पण आपल्याला काय पचत नाही हे तो उघड सांगायचा, त्यामुळे मेटलवाल्यांना त्याची डी दिसली की कळायचं, आपल्या कामाची असू शकते :-) हे विनोदानं म्हणत नाही. नियमित वाचणाऱ्याला समीक्षकाचा कल एकदा कळला की उणे चिन्ह लावून वाचता येतं. कल लपवणाऱ्याचं काय करायचं?

१९९० मध्ये त्यानं पद्धतच बदलली. रेकॉर्डी इतक्या निघायला लागल्या की सुमार मालावर वेळ घालवणं त्याला परवडेना. मग चांगल्यांवरच परिच्छेद, त्याखालच्यांना नुसते तारे, एखादंच गाणं ऐकण्यासारखं असेल तर कात्रीचं चिन्ह, आणि भंगाराला बॉम्ब. परिच्छेदावरून चिन्हावर. म्हणजे अजून कॉम्प्रेशन. वाईटांची चंपी वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला. अमेरिकेत त्या दिवशी टर्की कापतात, म्हणून सदराचं नाव 'टर्की शूट'.

याच माणसाच्या देखरेखीखाली 'व्हॉइस'नं देशभरच्या समीक्षकांचं वार्षिक मतदान चालवलं. पहिलं १९७१ साली, मग १९७४ पासून दरवर्षी. त्याचा अल्गोरिदम छान होता. प्रत्येकानं दहा अल्बम निवडायचे आणि शंभर गुण त्यांच्यात वाटायचे, एकाला कमीत कमी पाच, जास्तीत जास्त तीस. त्यामुळे पसंती किती तीव्र आहे तेही कळायचं, आणि एकट्यादुकट्याला घोडा दामटवताही यायचा नाही. व्हॉइस बंद पडल्यावरही २०१८ सालासाठी एक शेवटचं मतदान झालं.

ज्यांच्यावर हे निकाल लागायचे ती मंडळी गप्प बसणारी नव्हती. १९७८ च्या 'टेक नो प्रिझनर्स' या लाइव्ह अल्बममध्ये लू रीडनं स्टेजवरूनच क्रिस्टगाउला नाव घेऊन शिव्या घातल्या. वर्षभर घाम गाळायचा आणि व्हॉइसमधल्या कुठल्यातरी शहाण्याकडून बी प्लस घ्यायची, असा त्याचा एकूण रोख. क्रिस्टगाउनं त्या रेकॉर्डचंही परीक्षण केलं. माझं नाव बरोबर उच्चारल्याबद्दल आभार मानले, आणि ग्रेड दिली सी प्लस. सॉनिक यूथ या बँडनं तर त्याला ठार मारण्याची भाषा असलेलं गाणं केलं. तरी पुढे त्यांचे अल्बम आवडले तेव्हा त्यानं ए दिलेच. मला हे फार ग्रेट वाटतं. शिवी खाल्ल्यावर बी मायनस देणं किती सोपं होतं!

तिकडे 'रोलिंग स्टोन'चा कारभार वेगळा. लेस्टर बँग्ज हा तिथला सर्वात उसळता लेखक, १९६९ मध्ये एमसी ५ च्या पहिल्या अल्बमची सालटी काढून आत शिरला. १९७३ मध्ये त्याला काढलं, संगीतकारांचा आदर राखत नाही म्हणून. मग तो 'क्रीम' या मासिकात गाजला आणि १९८२ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, गेला. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा. असो.

'रोलिंग स्टोन'च्या एका निकालाचा संबंध आपल्या पाचगणीशी आहे. झांझिबारला जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. पुढे लंडनला जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या 'क्वीन'चा 'जाझ' हा अल्बम १९७८ च्या अखेरीस आला आणि डेव्ह मार्शनं परीक्षणात लिहिलं की हा बहुधा पहिला खराखुरा फॅसिस्ट रॉक बँड असावा. 'वी विल रॉक यू'वर हजारो माणसं एका तालात टाळ्या पिटतात, ते त्याला लष्करी संचलनासारखं दिसलं. मी ते परीक्षण वाचलं तेव्हा आधी राग आला. मग नीट वाचलं. मार्शला एक खरी गोष्ट दिसली होती, प्रचंड गर्दी एका ठोक्यावर हलवायची या बँडची ताकद. फक्त तिचा अर्थ त्यानं लावला तो मला साफ चुकीचा वाटतो. १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीच्या मैदानावर, लाइव्ह एडमध्ये, हीच ताकद जगानं बघितली आणि तेव्हा तिला कुणी फॅसिझम म्हणालं नाही.

पण मार्शनं जे लिहिलं ते त्याचं होतं, हे महत्त्वाचं. कारण १९९६ मध्ये काय झालं बघा. हूटी अँड द ब्लोफिश नावाचा गुळमुळीत बँड तेव्हा तुफान खपत होता. त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं परीक्षण जिम डीरोगाटिस यानं 'रोलिंग स्टोन'साठी लिहिलं, अर्थात प्रतिकूल. मालक-संपादक यान वेनर यानं ते छपाईआधी काढून टाकलं आणि दुसऱ्याकडून गोडगोड लिहून घेतलं. वेनर त्या बँडचा चाहता आहे का, असं एका वार्ताहरानं डीरोगाटिसला विचारलं. तो म्हणाला, नाही, ऐंशी-पंच्याऐंशी लाख प्रती खपवणाऱ्या कुठल्याही बँडचा तो चाहता आहे. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. आणि २००१ मध्ये मिक जॅगरचा 'गॉडेस इन द डोअरवे' आला तेव्हा वेनरसाहेबांनी स्वतःच पेन उचललं. जॅगर त्यांचा जुना दोस्त. पाचपैकी पाच तारे.

वाचक तीन तासांची मजुरी टाकून अल्बम घेतो ते कुणाच्या भरवशावर, हे इथे नागडं होतं. चार ओळींत कारणं द्यायला जागा नसते. निकाल पटवून देता येत नाही, तो विश्वासावरच चालतो. एक विकलेला तारा बाकीच्या सगळ्या ताऱ्यांची किंमत उतरवतो.

मग आलं इंटरनेट. मिनियापोलिसमध्ये रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रायन श्रायबर नावाच्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं 'पिचफोर्क' सुरू केलं. लेखनाचा अनुभव शून्य. पण त्यानं एक भारी गोष्ट केली: शून्य ते दहा, दशांशासकट. ७.८ आणि ७.९ यांत फरक काय? काहीच नाही. पण दशांश चिन्ह आलं की प्रयोगशाळेतून रीडिंग आल्यासारखं वाटतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला फूटपट्टीनं मोजलेलं उत्तर चार दशांशांपर्यंत लिहिलं की झापायचे, त्याची आठवण होते. २००० मध्ये रेडिओहेडच्या 'किड ए'ला १०.० मिळाले, २००४ मध्ये आर्केड फायर या नवख्या कॅनडियन बँडच्या 'फ्युनरल'ला ९.७, आणि छोट्याशा लेबलकडच्या प्रती भराभर संपल्या.

त्याच २००४ मध्ये, त्याच महिन्यात, ट्रॅव्हिस मॉरिसनचा 'ट्रॅव्हिस्तान' आला. हा वॉशिंग्टनच्या 'डिसमेम्बरमेंट प्लॅन' या बँडचा गायक. या बँडच्या १९९९ च्या अल्बमला पिचफोर्कनंच ९.६ दिले होते, म्हणजे घरचाच माणूस. आता बँड मोडल्यावर त्याचा पहिला एकल अल्बम. पिचफोर्कचा निकाल: ०.०.

आता मी 'ट्रॅव्हिस्तान' ऐकलाय. महान नाही. दोनतीन गाणी बरी, काही ओढूनताणून आणलेले विनोद, काही ठिकाणी नुसतीच चुळबुळ. पाचपैकी दोन म्हणा, सी म्हणा. पण शून्य पूर्णांक शून्य? तो आकडा अल्बमबद्दल काही सांगतच नाही. तो सांगतो फक्त 'बघा आम्ही किती कडक आहोत'. आणि परिणाम झाला. मॉरिसननं स्वतः सांगितलंय की आदल्या आठवड्यापर्यंत त्याला डोक्यावर घेणारी मंडळी अचानक थंड पडली. पुढे त्यानं वेबच्या क्षेत्रात रीतसर नोकरी धरली. म्हणजे आपल्याच लाइनीत आला बिचारा.

२००६ मध्ये जेट या ऑस्ट्रेलियन बँडच्या अल्बमवर तर पिचफोर्कनं एकही शब्द लिहिला नाही. ०.० आणि खाली एक व्हिडिओ, एक माकड स्वतःच्याच तोंडात मुततंय. झालं परीक्षण. कॉन्सिडाइनची तीन अक्षरं यापुढे महाकाव्य वाटावीत!

याच सुमाराला आकड्यांचाही आकडा निघाला. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'मेटाक्रिटिक'नं सगळ्या समीक्षकांचे तारे, ग्रेड, मार्क गोळा करून शंभरपैकी एक सरासरी काढायला सुरुवात केली. अक्षरांचं रूपांतर करायला तक्ता आहे: ए म्हणजे १००, ए मायनस ९१, बी प्लस ८३, बी ७५, सी ५०. एकाची बी म्हणजे 'बऱ्यापैकी', दुसऱ्याची बी म्हणजे 'तोंडदेखलं कौतुक', पण तक्त्याला दोन्ही ७५. टाइप कास्टिंग केलं की माहिती गळते, कंपायलर निदान वॉर्निंग तरी देतो. याचं टोक आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनीच बघितलं. 'फॉलआऊट: न्यू व्हेगस' हा गेम २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता. मिळाले ८४.

क्रिस्टगाउचं काय झालं? २००६ मध्ये व्हॉइसची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी त्याला काढून टाकलं. सुरुवातीपासून मोजलं तर सदतीस वर्षांचा संबंध (मध्ये एकदोन वर्षं तो दुसरीकडे होता). सदर मात्र मेलं नाही. ते एमएसएनवर गेलं, मग मीडियमवर, मग व्हाइसच्या नॉइझीवर. प्रत्येक ठिकाणी काही वर्षांनी वरच्या कुणालातरी खर्च कापायचा असायचा. २०१९ पासून तो आपल्या वर्गणीदारांना दर महिन्याला थेट ईमेलनं गाइड पाठवायला लागला, तेव्हा वय सत्त्याहत्तर. ग्रेड तशाच.

आणि त्याची दहा हजारांहून जास्त परीक्षणं आज फुकट शोधता येतात, ती एका प्रोग्रॅमरच्या कृपेनं. टॉम हल हा विचिटा, कॅन्सासचा, धंद्यानं सॉफ्टवेअरवाला, जुना रॉक समीक्षक आणि क्रिस्टगाउचा दोस्त. सप्टेंबर २००१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला होता आणि ११ तारखेच्या हल्ल्यानंतर तिथेच अडकला. त्या अडकलेल्या दिवसांत या दोघांनी साइटचं काम सुरू केलं. दिसायला ती अजून तशीच आहे, ना फोटो ना काही. नाव टाका, अल्बमची यादी येते, शेजारी ग्रेड. मला तर ती सुंदर वाटते.

आता सीडी घेतो कोण? गाणं ऐकायला तीन तासांची मजुरी लागत नाही, महिन्याची वर्गणी भरली की जगातलं बहुतेक सगळं संगीत खिशात. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं. अल्बम बंडल निघाला तर अंगठ्याचा एक झटका, पुढचा. 'घ्यावा की नाही' या प्रश्नावर उभा असलेला अख्खा धंदा त्या अंगठ्यानं आडवा केला. २०१५ मध्ये कॉन्डे नास्टनं पिचफोर्क विकत घेतलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये 'जीक्यू' या पुरुषांच्या फॅशन मासिकाच्या छत्राखाली ढकललं. बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्या आठवड्यात जालावर पिचफोर्कसाठी गळे काढणाऱ्यांत असे कितीतरी बँडवाले होते, ज्यांना तिथे कधीकाळी चार किंवा पाच मिळाले होते.

त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पंचविशीनिमित्त पिचफोर्कनं आपलेच १९ जुने निकाल बदलून छापले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'चे ६.४ होते, त्याचे १०.० झाले. लिझ फेअरला २००३ मध्ये ०.० दिले होते, त्याचे ६.० झाले. मूळ परीक्षण लिहिणाऱ्यानं तिची दोन वर्षं आधीच जाहीर माफी मागितली होती. 'ट्रॅव्हिस्तान' त्या यादीत नव्हता.